शेडचं अर्थिंग : बल्ब पेटला म्हणजे झालं का?



या वेळचा पाठ अर्थिंगचा आहे. विषय वाचून "हे वायरमनचं काम, आपल्याला काय करायचंय" असं वाटेल. मलाही तसंच वाटायचं. पण आता गटागटांत मसाला कांडप, शेवया, पापड, पिठाची गिरणी आली आहे. शेड आपलं, मशीन आपलं, कर्ज आपल्या नावावर, आणि मशीनला हात लावणारीही आपणच. म्हणून हा पाठ बैठकीत मोठ्याने वाचा. ज्या ताईंना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत तो आधी गेला पाहिजे, कारण बहुतेक वेळा मशीनवर त्याच उभ्या असतात.

आमच्या ग्रामसंघाच्या शेडमधलं सांगते. मसाल्याचं मशीन घेतलं त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात ते "चावायला" लागलं. हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या. त्यावर आम्ही काय केलं? वायरमनला बोलावलं नाही. एक लाकडी फळी आणून मशीनपुढे टाकली. फळीवर उभं राहून दळायचं, पायातली चप्पल काढायची नाही, असा नियमच करून टाकला. मारक्या म्हशीची धार काढताना जपून बसावं तसं आम्ही दोन वर्षं त्या मशीनशी वागलो. नवीन बाई आली की तिला मिरची किती घालायची हे सांगण्याआधी फळी दाखवायची. आज आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मग एका सकाळी आमच्या एका सभासदाची मुलगी मिरच्यांचं गाठोडं घेऊन आली. अनवाणी. फरशी नुकतीच धुतलेली. गाठोडं ठेवताना तिचा हात मशीनच्या तोंडाला लागला आणि ती मागे फेकली गेली. नशिबाने फेकली गेली. चिकटली असती तर हा पाठ लिहायला माझा हात धजला नसता. पोरगी वाचली, आठ दिवसांनी शाळेत गेली. पण तिची आई आजही शेडच्या उंबऱ्याच्या आत येत नाही.

त्याच दिवशी वायरमन आला. त्याने होल्डरला १०० वॅटचा बल्ब लावला, एक वायर फेजला आणि दुसरी अर्थिंगला टेकवली. बल्ब लख्ख पेटला. "अर्थिंग ओके आहे ताई," म्हणाला आणि गेला. आम्ही निश्चिंत झालो. ही चूक पहिल्या चुकीपेक्षा मोठी होती. का, ते समजायला आधी वीज कुठून कुठे जाते ते पाहावं लागेल.

आपल्याला वाटतं, करंट जमिनीत गेला की संपला, पाणी मुरावं तसा मुरला. तसं नसतं. वीज जिथून निघाली तिथे परत जाते. गावातल्या डीपीमध्ये, म्हणजे रोहित्रात, ११ केव्हीची वीज घरगुती दाबाला उतरते. तिथल्या न्यूट्रलची तार डीपीखालच्या खड्ड्यात जमिनीला जोडलेली असते. आपल्या मशीनच्या आत फेजची वायर घासून पत्र्याला टेकली, तर करंट पत्र्यातून अर्थिंगच्या वायरीने आपल्या खड्ड्यात उतरतो, तिथून मातीतून चालत डीपीच्या खड्ड्यापर्यंत जातो आणि घरी पोचतो. ही वाट मोकळी असेल तर भरपूर करंट वाहतो आणि फ्यूज उडतो. वाट अडलेली असेल तर थोडाच वाहतो, फ्यूज शांत बसतो, आणि मशीनचा पत्रा तसाच जिवंत राहतो. कुणाच्या तरी हाताची वाट बघत.

वाट किती अडलेली आहे, हे ओहममध्ये मोजतात. ओहम जितके कमी तितकी वाट मोकळी.

तालुक्याच्या आयटीआयमधले एक सर त्यांच्या विद्यार्थ्यांना घेऊन आमच्या शेडवर आले. त्यांनी अर्थ टेस्टरने मोजलं तेव्हा आमचं अर्थिंग ४६ ओहम निघालं. उकरून पाहिलं तर काय, मुरमात जेमतेम मीटरभर ठोकलेली एक गंजकी सळई! ना मीठ, ना कोळसा, ना ओल. शेड बांधताना आम्ही रंग कोणता द्यायचा यावर दोन बैठका घेतल्या होत्या. अर्थिंगवर एकही नाही.

आता हिशेब. व्याजाचा हिशेब करतो तसाच आहे, घाबरू नका. दाब २३० व्होल्ट. वाटेत आपल्या खड्ड्याचे ४६ ओहम आणि डीपीच्या खड्ड्याचे ५ धरले, एकूण ५१. दाबाला ओहमने भागलं की करंट मिळतो: २३० भागिले ५१, म्हणजे साधारण साडेचार अँपियर. आमचं ३ एचपीचं मशीन चांगलं चालू असतानाच चौदा-पंधरा अँपियर घेतं आणि फ्यूज २० अँपियरचा. साडेचार अँपियरने तो कसा उडणार? त्याला कळतसुद्धा नाही. आणि तेवढा वेळ मशीनच्या पत्र्यावर किती दाब? साडेचार गुणिले ४६, म्हणजे २०० व्होल्टच्या वर. अर्थिंग असूनही पत्रा जवळजवळ फेजच्या वायरीइतकाच घातक! त्या सकाळी वायर पुरती टेकली नव्हती, नुसती चाटून जात होती. मुलगी वाचली ती त्यामुळे.

मग बल्ब का पेटला? १०० वॅटचा बल्ब स्वतःच साधारण ५३० ओहमचा असतो. त्याला अर्धा अँपियरसुद्धा लागत नाही. ५३० मध्ये आणखी ५१ मिळाले तर उजेडात फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे बल्बची परीक्षा एवढंच सांगते की वायर कुठेतरी जमिनीला लागलेली आहे. ती वाट करंटचा लोंढा नेऊ शकेल की नाही, हे सांगत नाही. पायवाटेवरून एक माणूस गेला म्हणून त्यावरून उसाचा ट्रक जाईल असं नसतं. तेव्हा उद्यापासून कुणी बल्ब पेटवून "ओके" म्हणालं, तर त्यांना आदराने विचारा, "दादा, ओहम किती आले?"

मोजतात कसं तेही सांगते, कारण मोजणी होत असताना आपण तिथे उभं राहिलं पाहिजे. आधी मेन स्विच बंद करायचा आणि मगच खड्ड्यावरची अर्थिंगची वायर सोडायची. चालू मेनवर ती वायर कधीच सोडू द्यायची नाही. मग टेस्टरची एक वायर आपल्या खड्ड्याच्या पाइपला. दुसरी, लांब सरळ रेषेत ठोकलेल्या खिळीला, आमच्याकडे ३० मीटरवर. तिसरी त्या दोघांच्या मधे, पण बरोबर मध्यावर नव्हे, साधारण शंभरात बासष्टाव्या भागावर. म्हणजे ३० मीटरला साडेअठरा मीटर. आकडा आला की मधली खिळी थोडी मागे आणि थोडी पुढे सरकवून पुन्हा मोजायचं. आमचे आकडे ४६, ४६ आणि ४७ आले. तिन्ही जवळजवळ सारखे आले तर खरं. फार वेगळे आले तर खिळ्या एकमेकींच्या फार जवळ आहेत, लांबची खिळी आणखी लांब न्यायची. मुलांनी ठोकायला आणलेली हातोडी आमच्या मुरमात दोनदा निसटली, तेव्हा शेजारच्या आजींनी घरून पहार आणून दिली आणि "हे तर विहिरीचं पाणी बघण्यासारखंच" म्हणाल्या. तसंच थोडंफार.

मोजणी कधी करायची, याला महत्त्व आहे. श्रावणात मोजलं तर गावातलं प्रत्येक अर्थिंग पास होईल, कारण ओली माती वीज चांगली वाहून नेते. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये, माती भेगाळलेली असते तेव्हा. वीज पुरवणाऱ्यांसाठी नियमच आहे की त्यांनी त्यांचं अर्थिंग दोन वर्षांतून निदान एकदा, कोरड्या हंगामात, कोरड्या दिवशी मोजावं आणि त्याची नोंद ठेवावी. आपणही तेच करायचं, फक्त दर वर्षी.

आम्ही मग मुरूम सोडून शेडच्या मागच्या बाजूला, जिथे हात धुण्याचं पाणी जातं तिथे, काळ्या मातीत दोन खड्डे घेतले. प्रत्येकात अडीच मीटरचा जस्ती पाइप, भोवती कोळसा आणि मीठ थराथराने, वर पाणी ओतायला नरसाळं आणि झाकण. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ त्या ओलीला वीज वाहायला मदत करतं. पण मीठ पावसाने धुऊन जातं आणि पाइपाला गंजही चढवतं, म्हणून हे एकदा केलं आणि विसरलं असं चालत नाही. एका खड्ड्याचं माप ९ ओहम आलं. दोन्ही जोडल्यावर ५. बरोबर निम्मं, साडेचार, का नाही? दोन्ही खड्डे जवळ असले की एकाच मातीत वाटणी मागतात. म्हणून त्यांच्यात निदान पाइपाच्या दोन लांब्यांएवढं, म्हणजे ५ मीटर तरी, अंतर ठेवायचं. आमची जागा तेवढीच होती.

इथे बायका खूष झाल्या. सर मात्र झाले नाहीत. ते म्हणाले, पुन्हा हिशेब करा. आपले ५, डीपीचे ५, एकूण १०. २३० भागिले १० म्हणजे २३ अँपियर. २० चा फ्यूज २३ ला लगेच उडतो का? नाही. बराच वेळ तापत बसतो. आणि तोवर पत्र्यावर ११५ व्होल्ट! अर्थिंग उत्तम होऊनही जीव वाचेलच असं नाही. खरं सांगते, मला धक्का बसला. इतके दिवस आपण ऐकत आलो की अर्थिंग केलं म्हणजे झालं.

त्यासाठी आणखी एक डबी लागते. दुकानात तिला आरसीसीबी म्हणतात, जुने लोक ईएलसीबी म्हणतात. फेजने जितका करंट गेला तितका न्यूट्रलने परत आला का, हे ती सतत ताडून पाहते. आपल्या कोषाध्यक्ष ताई जमा आणि खर्च ताडून पाहतात तसं. ३० मिलिअँपियरचा, म्हणजे एका अँपियरच्या शंभरातल्या तीन भागांचा फरक पडला तरी ती क्षणात वीज तोडते. माणसाच्या अंगातून याच्या कितीतरी पट करंट जाऊ शकतो: ओल्या अंगाचे साधारण १,००० ओहम धरले तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपियर. हृदय बंद पाडायला तेवढा पुरे. ही डबी घेताना ३० मिलिअँपियर लिहिलेलीच घ्या, १०० किंवा ३०० ची नको. तिच्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, वीज गेली पाहिजे. आम्ही हे काम बैठकीच्या दिवसाला बांधून टाकलं आहे. आधी बटण, मग हजेरी.

डबी बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात ती चार वेळा पडली. एक ताई म्हणाल्या, "ही काढून टाका, कामात खोळंबा." पण ती उगाच पडत नव्हती. मोटारीच्या पेटीत मिरचीची भुकटी साचून ओल धरत होती. पेटी साफ केली, घासलेली वायर बदलली, पडायची थांबली. डबी वारंवार पडते म्हणून तिला वगळून वायर थेट जोडणारा वायरमन भेटेल. त्याला जोडू देऊ नका.

तीन फेजची गिरणी असेल त्या गटांनी एक लक्षात ठेवा. मोटारीच्या अंगाला अर्थिंगच्या दोन वेगवेगळ्या वायरी लागतात, तसा नियम आहे. एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. घरातल्या मिक्सरच्या तीन पिनांमधली मोठी पिन बघा. ती लांब असते, कारण प्लग खोचताना अर्थिंग आधी लागावं आणि काढताना शेवटी सुटावं. ती पिन मोडून दोन पिनांवर मिक्सर चालवणाऱ्या घरांची संख्या मी मोजत नाही, कारण माझंही घर त्यात होतं.

आता शेडच्या बाहेर. काही गावांत ग्रामपंचायत गटाला जागा देते ती सबस्टेशनच्या कुंपणाला लागून, नाहीतर डीपीच्या सावलीत, कारण ती कुणालाच नको असते. फुकट मिळाली म्हणून घाई करू नका.

३३/११ केव्हीच्या सबस्टेशनखाली जमिनीत लोखंडी पट्ट्यांची मोठी जाळी पुरलेली असते. रोहित्र, खांब, लोखंडी सांगाडा, सगळं त्या जाळीला बांधलेलं. अशा ठिकाणी १ ते २ ओहमपर्यंतचं अर्थिंग अपेक्षित असतं, डीपीला ५ पर्यंत चालतं. सबस्टेशनला इतकं कमी का, तर तिथे बिघाड झाला की शेकड्याने नव्हे, हजाराने अँपियर जमिनीत उतरतात. १ ओहमच्या अर्थिंगमध्ये १,००० अँपियर उतरले तर त्या जाळीवर क्षणभर १,००० व्होल्ट चढतात. आतला माणूस त्यातही वाचू शकतो, कारण जाळीमुळे त्याच्या पायाखालचं आणि हाताजवळचं सगळं एकदमच वर चढतं. वर खडीचा जाड थर असतो तो शोभेचा नाही. कोरडी खडी वीज अडवते, पाय आणि माती यांच्यात ती फळीचं काम करते. तिथली खडी कुणी घरकामाला आणत असेल तर ती तिथल्या कामगाराच्या पायाखालची फळी आहे, हे सांगा.

पण जाळीच्या बाहेर काय? खळ्यावरची धान्याची रास डोळ्यापुढे आणा. मधे उंच, कडेला उतरती, पुढे सपाट. बिघाडाच्या क्षणी जमिनीत विजेचा दाब असाच उतरत जातो. त्या उतारावर उभं राहिलं की एक पाय जरा वर, एक जरा खाली. दोन पायांत जेवढा फरक, तेवढा दाब अंगातून जातो. पाय जुळवून उभी असलेली बाई वाचते, ढांगा टाकत पळणारी सापडते. आणि म्हैस? तिचे पुढचे आणि मागचे पाय आपल्या ढांगेपेक्षा लांब असतात, आणि एका जोडीकडून दुसरीकडे जाताना करंट थेट छातीतून जातो. पावसाळ्यात खांबाजवळ जनावर मरतं आणि गुराखी वाचतो, ते यामुळे. खांबाशी, डीपीशी, खांबाला दिलेल्या ताणाशी जनावर बांधू नका. जवळ तार तुटून पडलेली दिसली तर धावू नका. पाय जुळवून, पाऊल न उचलता घसटत घसटत मागे सरका आणि १९१२ ला फोन लावा.

याहून फसवी गोष्ट कुंपणाची. सबस्टेशनच्या लोखंडी कुंपणाला कुणी आपल्या शेताची तार बांधली, तर राशीच्या उंच टोकाचा दाब ती तार दूर, सपाट भागात घेऊन जाते. तिथे भाजी खुडणाऱ्या बाईचे पाय शून्यावर आणि हात १,००० व्होल्टवर. सबस्टेशन तिला दिसतही नसेल. लोखंडी पाण्याचा पाइप, कपडे वाळत घालायची तार, मंडपाचा लोखंडी खांब, सगळे हेच करू शकतात. म्हणून आपलं पत्र्याचं शेड आणि सबस्टेशनचं कुंपण यांत इतकं अंतर हवं की एका वेळी दोन्हींना हात पोचणार नाही, निदान २ मीटर. शेताच्या तारेत मधे लाकडी खांबांवरचा तुकडा मोकळा सोडा. पाण्याची लाइन त्या बाजूने आणायचीच असेल तर प्लॅस्टिकच्या पाइपाची. आणि आपल्या शेडचं अर्थिंग खर्च वाचवायला सबस्टेशनच्या पट्टीला जोडून घेऊ नका. वीज कंपनीच्या लोकांना विचारून, त्यांच्या देखत काय करायचं ते करा.

डीपीच्या खड्ड्यांबद्दल तक्रार करायची ती कशावरून? डीपीखालची अर्थिंगची पट्टी कापलेली किंवा चोरीला गेलेली दिसली, तर फोटो काढून कळवा. घरातला बल्ब एकदम लख्ख आणि शेजारणीचा मिणमिणता झाला, तर न्यूट्रल तुटलं असण्याची शक्यता मोठी. लगेच मेन बंद करा, नाहीतर फ्रिज आणि टीव्ही दोन्ही जातील. आणि एक गावोगावचा उद्योग: एकच फेज असताना एक वायर आकड्याने घ्यायची आणि दुसरी जमिनीत सळई ठोकून जोडायची. दिवा लागतो, मोटार फिरते. पण त्या सळईभोवतीची जमीन म्हणजे तीच धान्याची रास होते, आणि पोरं तिथेच खेळत असतात. हे आपल्याच घरातले पुरुष करतात, त्यामुळे बोलायला जड जातं. तरी बोला.

बैठकीत करायचं काम: आपल्या शेडचं अर्थिंग कुठे आहे ते सगळ्यांनी जाऊन बघायचं. अनेकींना जागाच माहीत नसेल, आमच्यातही निम्म्यांना नव्हती. शेवटची मोजणी कधी झाली आणि ओहम किती आले, हे इतिवृत्तात लिहायचं. मोजणीच झाली नसेल तर तेच लिहायचं. टेस्टर प्रत्येक गटाने विकत घ्यायची गरज नाही. आम्ही आयटीआयला ग्रामसंघाच्या ठरावाची प्रत जोडून पत्र दिलं होतं, विद्यार्थ्यांचा सराव झाला आणि आमची मोजणी. आमच्या इतिवृत्तात आता एक पान वेगळं आहे. त्यावर पहिली ओळ ४६, दुसरी ५. तिसरी ओळ रिकामी आहे, ती मे महिन्यात भरायची. तोवर उन्हाळ्यात दर सोमवारी दोन्ही नरसाळ्यांत दोन-दोन कळशा पाणी ओतायची पाळी लावली आहे. फळी आम्ही चुलीत घातली.